दिंडोरी रोडवरचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान

पाणबुडी मोटार जळाली तर नाशिकला दिंडोरी रोडवरच्या या लहानशा दुकानात न्या, असं मी आता वाडीतल्या सगळ्यांना सांगते. मालक मोटार आपल्यासमोर उघडतात, हेच मला सगळ्यात आवडलं. आमच्या पाच एचपीच्या मोटारीत दोन फेजची वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, काळी ठिक्कर आणि तिसरी जशीच्या तशी. विजेच्या तीन फेजपैकी एक गेली की मोटार उरलेल्या दोनवर ओढत राहते आणि तापून जळते, हे त्यांनी बोट ठेवून दाखवलं. रात्रपाळीच्या विजेला विहिरीवर कोण जागत बसणार? म्हणून स्टार्टरला सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेली की मोटार आपोआप बंद करणारं उपकरण, बसवूनच घ्या, असा त्यांचा आग्रह होता. तो रास्तच आहे.

आधी दुसरीकडे मोटार स्वस्तात भरून, म्हणजे वाइंडिंग नव्याने करून घेतली होती, त्यात ॲल्युमिनियमची तार निघाली. इथे तांब्याची तार वजन करून घातली आणि वजन बिलावर लिहिलं. बुश बदलले, थ्रस्ट बेअरिंग दाखवून "अजून चालेल" म्हणाले, उगाच खर्चात पाडलं नाही. मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावून तपासणी झाली. विहिरीत सोडण्यापूर्वी मोटारीत स्वच्छ पाणी भरा, हे आमच्या सालदाराला दोनदा बजावलं.

पैसे जरा जास्त लागतात. पण गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाल्यावर द्राक्षबाग पाण्यावाचून ठेवता येते का? त्या दिवसांत गर्दी फार असते, निघण्याआधी फोन करा आणि जुनं बिल सोबत घ्या.