औषधावरून कारणाकडे उलटी उडी मारणारा अभ्यासक्रम

मानसिक विकारांच्या जैविक कारणमीमांसेवर आठ ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. त्यातील पहिली तीन व्याख्याने फार चांगली आहेत, आणि पुढची त्या तोलाची नाहीत हे त्यामुळेच अधिक जाणवते.

आरंभ जनरल पॅरेसिसने होतो. मोठेपणाचे भ्रम आणि ढासळत जाणारी बुद्धी यांमुळे एकेकाळी वेडात गणला जाणारा हा विकार सिफिलिसमुळे होतो, हे १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांनी रुग्णांच्या मेंदूतच त्याचे जंतू दाखवून सिद्ध केले. जैविक कारण ‘सापडले’ म्हणजे नेमके काय झाले, हे इतक्या स्वच्छपणे समजावलेले मी क्वचितच ऐकले आहे. जुळ्यांवरील व्याख्यानही तसेच प्रामाणिक आहे. एकरूप जुळ्यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असेल तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता भिन्नरूप जुळ्यांपेक्षा बरीच जास्त असते, म्हणजे आनुवंशिकतेचा वाटा नाकारता येत नाही. मात्र जनुके जवळपास तीच असूनही निम्म्या किंवा त्याहून अधिक जोड्यांत दुसरे भावंड त्यातून सुटते, आणि ही दुसरी बाजू वक्ते लपवत नाहीत.

नैराश्याच्या व्याख्यानात मात्र ही सावधगिरी गळून पडते. सेरोटोनिन हे मेंदूतील संदेशवाहक रसायन वाढवणाऱ्या औषधांनी अनेकांना बरे वाटते, त्याअर्थी सेरोटोनिनची कमतरता हेच नैराश्याचे कारण, असा सरळ निष्कर्ष तेथे काढला आहे. डोकेदुखी पॅरासिटामॉलने थांबते, म्हणून ती पॅरासिटामॉलच्या कमतरतेने होते असे कोणी म्हणत नाही. शिवाय ही औषधे काही तासांतच सेरोटोनिनवर परिणाम करतात, पण मनाला उभारी यायला काही आठवडे लागतात. या विसंगतीचा उल्लेखही नाही. कमतरतेच्या बाजूने सुसंगत पुरावा नाही असे सांगणारा, बराच गाजलेला २०२२ चा आढावाही गाळलेला आहे. (औषधे निरुपयोगी आहेत असा त्याचा अर्थ होत नाही, आणि ती कोणी परस्पर बंद करू नयेत.)

इतिहासाची निवडही सोयीस्कर वाटते. १९४९ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांनी उन्मादाच्या रुग्णांसाठी लिथियमचा उपयोग दाखवला, हे तपशिलाने येते. त्याच वर्षी लोबोटॉमीसाठी, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागातील जोडण्या तोडणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी, पोर्तुगीज डॉक्टर मोनिझ यांना नोबेल पारितोषिक मिळाले, याबद्दल चकार शब्द नाही. विकाराला मेंदूचा आजार म्हटल्याने रुग्णावरचा दोष कमी होतो, हे विधान खरे असले तरी अपुरे आहे, कारण त्यामुळेच ‘हा आता बरा होणार नाही’ अशी लोकांची समजूत बळावते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. दारिद्र्य, बालपणीचे आघात आणि एकाकीपणा यांना मिळून दहा मिनिटेसुद्धा दिलेली नाहीत.

शेवटच्या चाचणीत नैराश्याचे कारण विचारले होते. ‘अनेक घटकांची गुंतागुंत’ हा पर्याय मी निवडला आणि तो चूक ठरला. पहिल्या तीन व्याख्यानांसाठी मी हा अभ्यासक्रम पुन्हा ऐकेन, पण विद्यार्थ्यांना सुचवताना नैराश्यावरचे पाचवे व्याख्यान वगळायला सांगेन.