स्टिअरिंग व्हीलचा घरगुती स्टँड: रॅकचा अँगल, प्लाय की वेल्डिंगचा चौकोनी पाइप?

कार रेसिंगचे गेम खेळायचं लॉजिटेकचं जी२९ किंवा जी९२३ स्टिअरिंग व्हील टेबलाला क्लॅम्पने अडकवता येतं, पण अभ्यासाचं हलकं टेबल पहिल्याच वळणावर डुगडुगतं आणि पेडल गुळगुळीत फरशीवर सरकत जातात. जी२९चं व्हील सव्वादोन किलोचं, पेडलचा संच तीन किलोच्या थोडा वर. म्हणजे खरी अडचण वजनाची नाही, जोराची आहे. ब्रेकच्या पेडलमागे रबराचा ठोकळा असल्याने तो दाबायला पायाचा चांगला जोर लागतो. तो जोर पेडलला पुढे आणि खुर्चीला मागे रेटतो. म्हणून उंची किती बदलते हे नंतर बघा. पेडल आणि व्हील एकाच सांगाड्यावर आहेत का, हे आधी बघा.

पीव्हीसी पाइपचा विचार सोडून द्या. तो वाकतो, आणि सांधे सोल्युशनने चिकटवले की उंची बदलता येत नाही, न चिकटवले तर फिरतात.

रॅकचा स्लॉटेड अँगल

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यासाठी आमची पहिली पसंती हीच. या एल आकाराच्या लोखंडी पट्टीला भोकं तयार असतात, त्यामुळे ड्रिल फक्त प्लायपुरतं लागतं, आणि खोली बदलताना सगळं सुटं करता येतं. ४० × ४० मिमीचे १० फुटी दोन अँगल पुरतात. पहिल्यातून १००, १००, ७० आणि ३० सेंमी कापा. दुसऱ्यातून ७०, ५५, ५५, ४५, ४५ आणि ३०. १०० चे दोन जमिनीवर, ४५ चे दोन आडवे, ७० चे दोन उभे, ५५ चे दोन तिरके टेकू, ३० चे दोन म्हणजे व्हीलचा प्लाय पेलणारे वरचे हात. शिवाय १८ मिमी प्लायचे दोन तुकडे: व्हीलखाली ४५ × ३०, पेडलखाली ४५ × ३५ सेंमी. नट-बोल्ट ८ मिमी जाडीचे: २० मिमी लांबीचे २०, आणि प्लायसाठी ३५ मिमीचे ८. पुण्याच्या बोहरी आळीत हे सगळं सुटं मिळतं.

हात वर-खाली सरकवले की उंची बदलते. पुढचा बोल्ट तसाच ठेवून मागचा दुसऱ्या भोकात घातला की उतार बदलतो. ४५ सेंमी उंच खुर्चीवर प्लाय जमिनीपासून ६२ ते ७० सेंमीवर असावा.

बिघडतं ते इथे: भोकं लांबट असल्याने बोल्ट आतल्या आत सरकतो. प्रत्येक सांध्याला दोन बोल्ट आणि स्प्रिंग वॉशर हवेतच. फक्त टेकूच्या टोकांना एकेक चालतो. टेकू वगळू नका, नाहीतर उभे अँगल पेडलच्या बाजूला झुकतात. कापलेल्या कडा कानस मारून गुळगुळीत करा, पायाला लागतात. खाली जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या लावल्या की फरशीवर ओरखडे येत नाहीत.

प्लाय

दिसायला सर्वांत चांगला, आवाजही कमी. टिंबर मार्केटमध्ये कटपीस मिळाले तर खर्चही आटोक्यात राहतो. मात्र आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणारा घ्या. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, पावसाळ्यातल्या दमटपणात कडेने फुगतो आणि मग स्क्रू धरत नाही. उंचीसाठी दोन्ही बाजूंना दर ३ सेंमीवर भोकं पाडतात, पण व्हीलच्या झटक्यांनी ती काही महिन्यांत लंबगोल होतात. दोन्ही बाजूंनी ३० मिमी रुंद वॉशर लावले की हे बरंच लांबतं. प्लायच्या कडेत थेट स्क्रू मारू नका, थर सुटतात. आतून लोखंडी एल-पट्टी लावा.

चौकोनी पाइप, वेल्डिंग

ग्रिल-गेट करणारा कोणताही फॅब्रिकेशनवाला करून देईल. ३८ मिमीच्या पाइपात ३२ चा सरकवायचा. २ मिमी जाडीच्या पाइपात आतून ३४ मिमी जागा उरते, म्हणजे प्रत्येक बाजूला १ मिमी फट. आतली जोडाची शीर आडवी येत असेल तर कानसने काढावी लागते. ही फट भरली नाही तर व्हील टकटक वाजत राहतं. बाहेरच्या पाइपला दोन लगतच्या बाजूंनी ८ मिमी नट वेल्ड करून बोल्ट आत दाबा. समोरासमोर लावले तर पाइप मधोमध लोंबकळतो, लगत लावले तर कोपऱ्यात घट्ट बसतो. मधला एकच खांब घेऊ नका: तो पिळतो, आणि गुडघ्याला लागतो.

जी२९ आतल्या मोटरने व्हील फिरवायला साधारण २ न्यूटन-मीटरचा जोर देतं, लॉजिटेकचंच जी प्रो व्हील मात्र ११ न्यूटन-मीटरचा. तसलं व्हील घ्यायचा बेत असेल तर अँगल-प्लायमध्ये पैसे घालू नका, सरळ वेल्डिंगकडे जा.

व्हील प्लायला तळातल्या ६ मिमी भोकांतून बसवा. बोल्ट आधी हाताने फिरवा. प्लाय आवळायच्या आत तो अडला तर लांब आहे, कापून घ्या, जोर लावून आतला भाग फोडू नका.

खुर्चीला चाकं असतील तर बॅगेचा रुंद पट्टा तिच्या खांबाभोवती घालून सांगाड्याच्या मागच्या दोन्ही टोकांना बांधा. ब्रेकचा जोर मग तिथल्या तिथे जिरतो.