टायमिंग बेल्टचं पूर्ण बिल भरलं, आत पंप आणि टेन्शनर जुनेच निघाले

ज्यांच्याकडे बेल्टवाली डिझेल गाडी आहे, त्यातून सेकंडहँड घेतलेली, त्यांनी हे पाच मिनिटं काढून वाचा.

मी ठाण्यात राहतो, ढोकाळीला. गाडी डस्टर, ८५ पीएसवाली डिझेल, २०१४ ची, मी २०२१ मध्ये सेकंडहँड घेतली. आधीच्या मालकाकडे सर्व्हिसचे कागद अर्धवट होते, टायमिंग बेल्ट बदललाय का विचारलं तर म्हणाला "बहुतेक बदललाय". त्या बहुतेकवर मी पुढची चार वर्षं गाडी चालवली, हे मात्र माझं चुकलं, गाडी घेतली त्याच महिन्यात करून टाकायला हवं होतं.

या वर्षी फेब्रुवारीत काटा १ लाख १८ हजार किलोमीटरवर गेला आणि मला झोप येईना, कारण तोपर्यंत या विषयावर बरंच वाचून झालं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खाली पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात तो क्रँक, वर इंजिनाचे व्हॉल्व म्हणजे झडपा उघडतो तो दांडा कॅम. क्रँक फिरला की हा बेल्ट वरच्या कॅमला फिरवतो, क्रँकचे दोन फेरे तेव्हा कॅमचा एक. बेल्ट ताणून धरतो तो टेन्शनर. या इंजिनात डिझेलचा हाय प्रेशर पंप आणि पाण्याचा पंपसुद्धा त्याच बेल्टवर फिरतो. बेल्ट तुटला किंवा दात सरकले तर व्हॉल्व उघडे राहतात, खालून पिस्टन येऊन आपटतो, व्हॉल्व वाकतात, आणि मग हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवण्याशिवाय इलाज नाही. तो खर्च पन्नास-साठ हजाराच्या घरात जातो. आणि आधी काही इशारा मिळेलच असं नाही, चालती गाडी एकदम बंद पडते. बेल्ट नुसता किलोमीटरवर नाही तर वर्षांवरसुद्धा बदलायचा असतो, रबर आहे ते, उभ्या गाडीतही कडक होतं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं २१,५०० चं इस्टिमेट दिलं. तेवढे त्या महिन्यात नव्हते, मुलीची फी भरायची होती, म्हणून बाहेर चौकशी केली. वागळे इस्टेटला आमच्या ऑफिसात एकजण आहे, त्याची पोलो डिझेल, त्यानं घोडबंदर रोडचं एक गॅरेज सांगितलं, म्हणाला मी पण बेल्ट आणि पंप तिथेच केलाय, माणूस चांगला आहे. गॅरेजचं नाव इथे लिहीत नाही, तक्रार चालू आहे. माणूस खरंच गोड बोलायचा, चहा मागवला, समोर बसवून कागदावर हिशोब लिहून दिला. बेल्ट २,४००, टेन्शनर २,१००, वॉटर पंप ३,२००, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) ९००, लेबर ४,५००. एकूण १३,१००, वरचे शंभर सोडले. मला म्हणाला "साहेब, नुसता बेल्ट बदलू नका, टेन्शनर आणि पंप सोबतच करायचा, नाहीतर परत सगळं खोलावं लागेल". म्हणजे बघा, योग्य सल्ला त्यानंच दिला. ज्या माणसाला एवढं कळतं तो फसवेल असं डोक्यातच आलं नाही.

सकाळी गाडी सोडून मी ऑफिसला गेलो. अकराला काम सुरू केलं म्हणाला आणि दोन वाजता फोन, गाडी तयार. तीन तास. त्याआधी त्यानं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला होता, गोणपाटावर जुना बेल्ट, एक टेन्शनर आणि एक पंप, खाली लिहिलेलं "साहेब हे तुमचे जुने पार्ट". संध्याकाळी गेलो तर बॉनेट उघडून वरचं कव्हर बाजूला करून दाखवलं, आत काळाकुट्ट नवीन बेल्ट, त्यावर पांढरी अक्षरं. मी खूश. वरून बघितलं तर बेल्टच दिसतो, पंप खाली असतो, तो दिसतच नाही, हे तेव्हा माहीत नव्हतं. जुने पार्ट मागितले तर म्हणाला भंगारवाला घेऊन गेला. बिल दिलं त्यावर जीएसटी असं लिहून रक्कम होती पण जीएसटी नंबरच नव्हता. तेही मी नंतर बघितलं.

जुलैच्या शेवटी पार्किंगमध्ये गाडीखाली उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसायला लागली. पावसाचे दिवस, म्हणून दुर्लक्ष केलं. मग एका सकाळी हात लावून पाहिलं तर बोटाला चिकट लागलं आणि गोडसर वास आला. कूलंटच्या डब्यात पाणी दोन बोटं खाली, आणि सकाळी गाडी चालू केली की बेल्टच्या बाजूनं बारीक घुंघुं आवाज, गरम झाल्यावर जायचा. गणपतीला आम्हाला चिपळूणच्या पुढे गावी जायचं होतं, आई-बाबा, बायको, दोन्ही पोरं. घोडबंदरच्या गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणाला पाइपाची क्लिप सैल असेल, घेऊन या, पाचशेत करून देतो. पंप नवीन आहे ना मग घुंघुं कसली, असं विचारल्यावर तो गप्प बसला आणि मग नेटवर्कचं कारण सांगून फोन ठेवला. तिथे माझ्या मनात शंका आली.

रबाळ्याला एमआयडीसीच्या बाजूला एक वयस्कर मिस्त्री आहेत, माझ्या मेव्हण्याच्या ओळखीचे, सगळे त्यांना काका म्हणतात. कळवा-विटाव्याच्या ट्रॅफिकमधून गाडी हळूहळू त्यांच्याकडे नेली. ते आधी एक शब्द बोलले नाहीत, चाक काढलं, आतलं प्लास्टिक काढलं, जॅक लावून उजव्या बाजूचा इंजिन माउंट, म्हणजे इंजिनाचा आधार, सोडवला, खालचं कव्हर काढलं आणि मला म्हणाले, "इकडे या, स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मी सांगितलेलं ऐकू नका."

टॉर्च मारून दाखवलं ते सांगतो. पंप जिथे इंजिनला बसतो तिथे एक सांधा असतो. त्या सांध्यावर काळी, चिकट, धूळ मिसळलेली मळी होती आणि ती पंपावरून इंजिनवर सलग गेलेली, मध्ये कुठे तुटलेली नाही. पंप एकदा जरी काढला असता तर ती रेघ तिथे फाटलीच असती. पंपाच्या बोल्टांच्या डोक्यावर गंज, पाना लागल्याची एकही चमकदार खूण नाही. टेन्शनरवर कारखान्यात छापलेलं साल होतं, १४. माझ्या गाडीचंच साल. पंपाच्या खालून पांढरट सुकलेली धार आलेली, तिथूनच कूलंट गळत होतं आणि नवीन बेल्टच्या कडेला लागत होतं. काकांनी बेल्ट सोडवून पंप हातानं फिरवला, वाळू भरल्यासारखा खरखर आवाज आला. म्हणाले, "पट्टा तेवढा नवा. बाकी सगळं कंपनीतून आलेलं आहे. हा पंप अडकला असता तर पट्टा दोन मिनिटांत सोलला असता."

गावच्या वाटेवरचा कशेडी घाट डोक्यात आला. पोरं मागे बसलेली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

कूलंटचे ९०० घेतले होते ना, तेही खोटं. डब्याच्या तळाशी तीच जुनी तपकिरी गाळाची रेघ होती, कारण पंप काढलाच नाही तर कूलंट सांडणार कसं आणि नवीन भरणार कशाला. म्हणजे ६,२०० रुपये सरळ न केलेल्या कामाचे.

मग मी काकांना तो व्हॉट्सॲपचा फोटो दाखवला. त्यांनी मोठा करून बघितला आणि लगेच म्हणाले हा पंप तुमचा नव्हेच. तुमच्या पंपाला चाक त्याच्या अंगालाच आहे, टायमिंगच्या बेल्टवर फिरतं. फोटोतल्या पंपाच्या तोंडाला वेगळी पुली बसवायची चार भोकं आहेत, हा बाहेरच्या बेल्टवर चालणाऱ्या दुसऱ्याच गाडीचा. मी हा फोटो पाच महिने मोबाईलमध्ये ठेवला होता, बायकोला पण पाठवला होता.

दुसऱ्यांदा काम करताना सामान मी स्वतः आणलं, तुर्भ्याच्या स्पेअरच्या दुकानातून, गाडीचा चासी नंबर सांगून, पंपासकट पूर्ण किट ८,२०० ला पक्क्या बिलावर. डबे सीलबंद नेले आणि काकांसमोर फोडले. जुना पंप निघाला तो हातात घेतला, नवीन बसला तेव्हा फोटो काढला, कव्हर लागायच्या आधी. काकांनी क्रँक आणि कॅम दोन्ही हलू नयेत म्हणून लॉक पिन घालूनच बेल्ट चढवला, खूण घालून अंदाजानं नाही. मग हातानं दोन फेरे फिरवून परत पिन बसते का बघितली. पावणेसहा तास लागले, लेबर ४,०००. म्हणून सांगतो, तुमच्याकडे कोणी बेल्ट, टेन्शनर, पंप सगळं तीन तासांत करून देतो म्हटला तर विचारा कसं. आणि सुट्टी काढावी लागली तरी काढा, पण कव्हर उघडं असतानाचा अर्धा तास चुकवू नका. दिवसभर बसायची गरज नाही, तेवढा वेळ पुरे. गाडी सोडायच्या आधी जुन्या पंपावर आणि टेन्शनरवर पेंटचा ठिपका मारता आला तर उत्तमच, पण ते खोलल्याशिवाय जमत नाही, म्हणून जुने पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. भंगारवाला घेऊन गेला म्हटलं की समजा.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करून तक्रार टाकली आहे, नंबर मिळालाय. गॅरेजवाला ऐकला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे जुना अनुभव असेल तरी बिल शोधून ठेवा. माझ्याकडे बिल आहे, त्याचा हाताने लिहिलेला हिशोब आहे, त्यानंच पाठवलेला फोटो आहे आणि जुना पंप कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय.

सोमवारी ऑफिसात गेलो तेव्हा पोलोवाल्याला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, बिचाऱ्यानं चांगल्या मनानं गॅरेज सांगितलं होतं. म्हणाला मला पण जुन्या पार्टचा फोटो पाठवला होता, थांब. शोधून काढला, गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरचा. तेच गोणपाट. तोच चार भोकांचा पंप, कडेला निळ्या रंगाचा तोच शिंतोडा. त्यानं गाडी दुसऱ्या दिवशीच काकांकडे रबाळ्याला नेली.