सेकंडहँड आरएक्स 580 लिनक्ससाठी घेताय?

1080पी गेमिंगला एएमडीचं रेडिऑन आरएक्स 580 (8 जीबी) हे ग्राफिक्स कार्ड अजून पुरतं. लिनक्सवर तर ड्रायव्हर वेगळा टाकावाच लागत नाही, 'एएमडीजीपीयू' हा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो. कार्ड एप्रिल 2017 चं, त्यामुळे पुण्याच्या तपकीर गल्लीत काय किंवा ऑनलाइन काय, मिळणार ते बहुतेक वापरलेलं. 'मध्येच स्क्रीन काळी होते, ड्रायव्हर क्रॅश होतो' ही याची नेहमीची तक्रार. आमच्या मते ड्रायव्हर उगाच बदनाम झालाय. आधी कार्डाचा बायॉस (कार्डावरच साठवलेला, ते चालू करणारा प्रोग्रॅम) आणि पॉवर सप्लाय बघावा.

सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर गणितं सोडवून नाणी कमावणं) थांबलं आणि त्यात राबलेली कार्डं विकायला निघाली. मायनिंगवाले जास्त वेगासाठी बायॉसमधली मेमरी टायमिंग, म्हणजे मेमरीच्या वेळेची सेटिंग्ज, बदलून ठेवतात. विंडोजवरचा एएमडीचा ड्रायव्हर बायॉसची डिजिटल सही तपासतो आणि असं कार्ड नाकारतो. लिनक्सवरचा तपासत नाही. तिथे डेस्कटॉप झकास दिसतो आणि गेम लावला की मशीन झोपतं. म्हणून दुकानदाराला लिनक्सवर नव्हे, विंडोजवर डेमो द्यायला सांगा, तोही कंपनीचा ड्रायव्हर तुमच्यासमोर नव्याने टाकून. आधीच पॅच केलेला ड्रायव्हर ही भानगड लपवू शकतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आला तर पुढचं दुकान गाठा.

दुसरी फसगत '580 2048एसपी'ची. नावात 580 असलं तरी आतली ताकद खालच्या आरएक्स 570 कार्डाची. लिनक्सच्या बूट लॉगमध्ये 'ॲक्टिव्ह सीयू नंबर' (चिपमधल्या चालू गणन-गटांची संख्या) बघा: खऱ्या 580 ला 36, या भावंडाला 32. 570 च्या भावात मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही.

चेकिंग वॉरंटी (दुकानदाराने तपासायला दिलेली मुदत) असेपर्यंत कार्डाला मनसोक्त पिळून घ्या. मेमटेस्ट-व्हल्कन या प्रोग्रॅमची पाच मिनिटांची चाचणी व्हिडिओ मेमरीतल्या चुका दाखवते. क्रॅश झालाच तर रीस्टार्ट करून 'जर्नलसीटीएल -के -बी -1' चालवा, म्हणजे आधीच्या बूटचा कर्नल लॉग मिळेल. त्यात 'रिंग जीएफएक्स टाइमआउट' शोधा. शेजारी दोन आकडे असतात: 'एमिटेड' म्हणजे कार्डाकडे सोपवलेलं शेवटचं काम, 'सिग्नल्ड' म्हणजे कार्डाने पुरं केलेलं शेवटचं. 'सिग्नल्ड' मागे राहिला म्हणजे कार्ड मधल्या कामात अडकलं. खाली प्रोसेसचं नाव येतं आणि सगळे त्यालाच धरून बसतात. खरं तर कार्ड अडकलं तेव्हा कोणाचं काम चालू होतं, एवढंच ते सांगतं. दर क्रॅशला नाव वेगळं असेल, कधी ब्राउझर, कधी गेम, तर संशय हार्डवेअरवर. दरवेळी तोच गेम आणि त्यातली तीच जागा असेल तर कर्नलला हात न लावता मेसाची (कर्नलबाहेरचा, गेमचं चित्र काढणारा ड्रायव्हरचा भाग) आवृत्ती बदलून बघा. आणि लॉगमध्ये काहीच नाही, मशीन थेट रीस्टार्ट झालं, तर पहिला संशय पॉवर सप्लायवर. कार्ड 185 वॅटचं आहे, एएमडी 500 वॅटचा सप्लाय सांगते. मोलेक्स या जुन्या वीज-कनेक्टरवरून कार्डाचा 8-पिन कनेक्टर करणारा अडॅप्टर लावून पैसे वाचवू नका.

मेमरीवर संशय असेल तर सिसएफएसमध्ये (कर्नलची सेटिंग्ज फाइलींच्या रूपात दाखवणारी जागा) कार्डाच्या 'डिव्हाइस' फोल्डरमध्ये जा. रूट (ॲडमिन) होऊन 'पॉवर_डीपीएम_फोर्स_परफॉर्मन्स_लेव्हल' या फाइलीत 'मॅन्युअल' लिहा आणि 'पीपी_डीपीएम_एमक्लॉक'मध्ये '0 1'. 580 ची मेमरी साधारणपणे 300, 1000 आणि 2000 मेगाहर्ट्झ अशा तीन पायऱ्यांवर (क्रमांक 0, 1, 2) चालते. याने वरची पायरी बंद होते. आता तोच गेम तासभर चालला तर चिपपेक्षा मेमरी किंवा तिची टायमिंग गुन्हेगार ठरते. मूळ बायॉस परत टाकून काम भागू शकतं. सफायर नायट्रो प्लससारख्या कार्डांवर दोन बायॉस आणि मधे छोटा स्विच असतो. मशीन बंद करून तो सरकवून बघा, मायनिंगवाल्याने दुसरा बायॉस तसाच ठेवलेला असू शकतो.

तापमानाचं एक ध्यानात ठेवा. 'सेन्सर्स' कमांड या कार्डावर फक्त 'एज', म्हणजे चिपच्या कडेचं तापमान दाखवते, मेमरीचं तापमान दाखवतच नाही. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा एज 75 अंशांवर शांत दिसलं तरी वाळलेल्या थर्मल पॅडखाली (उष्णता हीटसिंककडे नेणारी मऊ पट्टी) मेमरी भाजत असू शकते. पॅड आणि पेस्ट बदलायचा खर्च घासाघीस करतानाच धरा.

एआय शिकायला म्हणून इंजिनिअरिंगची पोरं हे कार्ड शोधतात. एआयची गणितं कार्डावर चालवणाऱ्या एएमडीच्या आरओसीएम सॉफ्टवेअरने या पिढीचा अधिकृत सपोर्ट केव्हाच काढलाय, त्या कामासाठी घेऊ नका.