आजोबांची तिकिटं: व्यापाऱ्याला द्यावी की लिलावात?

म्हापशाच्या जुन्या घराचं छप्पर उतरवलं तेव्हा आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली आली. आत दोन आल्बम, बिस्किटांच्या डब्यात पोस्टाची सुटी तिकिटं आणि दोऱ्याने बांधलेले लखोटे. बाबा म्हणाले ठेव, ताई म्हणाली विक. विकायचं ठरलं, पण कुठे, यात माझं जवळजवळ वर्ष गेलं. कुणी त्याच उंबरठ्यावर असेल तर त्याच्यासाठी हे लिहितोय.

ऑनलाइन स्वतः विकायची वाट मी चार दिवसांत सोडली. मागची बाजू दाखवा, उजेडात धरून दाखवा, कडेचे दाते मोजून सांगा... एवढं करून माणूस गायब. ज्याला वेळ आहे त्याने करावं.

उरले व्यापारी आणि लिलाव.

व्यापाऱ्याची बाजू आधी मांडतो, कारण ती लोक उगाच हलकी धरतात. तो घरी येतो, सगळंच्या सगळं उचलतो, पैसे त्याच दिवशी. पोस्टात पाकीट हरवायची धास्ती नाही. शिवाय फुकटात शिकवून जातो. 1898 ची वास्को द गामाची मालिका बघून मी हरखलो होतो; सव्वाशे वर्षं जुनी, दिसायला देखणी. पहिल्याच व्यापाऱ्याने शांतपणे सांगितलं, ‘ही गोव्यात घराघरांत निघते.’ डिंकाचंही त्यानेच दाखवलं. आमच्या पावसात निम्मी तिकिटं एकमेकांना चिकटली होती, उरलेल्यांवर पिवळे ठिपके. कॅटलॉगातला भाव निर्दोष नगाचा असतो, आणि तोही दुकानदाराचा विक्रीभाव, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

मग अडलं कुठे? एका प्रश्नावर. भाव विचारला की उत्तर यायचं, ‘तुमची अपेक्षा काय?’

तिघे बघून गेले, एक पणजीचा, एक मडगावचा, एक मुंबईहून आलेला. तिघांचा प्रश्न हाच. अहो, मासळी बाजारातसुद्धा बाई आधी वाट्याचा भाव सांगते, मग आपण घासाघीस करतो. इथे माल माझा, जाणकार तो, आणि आकडा मात्र मी काढायचा. पहिल्याला मी कॅटलॉग बघून सांगितला, तो हसला. दुसऱ्याला घाबरत कमी सांगितला, तर तो ‘चालेल’ म्हणून नोटाच मोजायला लागला. त्या क्षणी पोटात गोळा आला, ताईला विचारून सांगतो म्हणून मी त्याला वाटेला लावलं. तिसऱ्यापुढे मी गप्प बसलो, तोही गप्प बसला. चहा निवला.

त्यात लखोट्यांचा प्रसंग. मडगावहून आजोबांना आलेला एक लखोटा, तिकीट पोर्तुगीज, शिक्का 3 जानेवारी 1962 चा. पोर्तुगीज राज्य 19 डिसेंबरला संपलं, भारतीय तिकिटं 29 डिसेंबरपासून सुरू झाली, आणि जुनी 5 जानेवारीपर्यंत चालवून घेतली. म्हणजे ते तिकीट किरकोळ, जी काही किंमत आहे ती त्या तारखेची. मुंबईवाला तो हातात धरून म्हणाला, ‘पाण्यात टाकलं की तिकीट सुटेल.’ मी लखोटा हळूच त्याच्या हातातून काढून घेतला.

लिलाववाल्यांचा छळ वेगळा. हलकं सामान त्यांनी घेतलंच नाही. माल पाठवल्यापासून पैसे हातात पडेपर्यंत आठ महिने, त्यात माझ्याकडून पंधरा टक्के कमिशन. आजोबांकडे तीन ‘नेटिव्ह’ होती, म्हणजे 1871 साली निघालेली, गोव्यातच छापलेली पहिली तिकिटं. यांच्या नकला इतक्या, की तज्ज्ञाचं प्रमाणपत्र मागतात. त्याचा खर्च काही वेळा तिकिटाच्या किमतीला गिळतो. मी एकाचंच काढलं. ते खरं निघालं, पण राखीव किमतीला, म्हणजे ज्याखाली विकायचं नाही त्या आकड्याला, कुणी हात लावला नाही आणि परत आलं.

तरीही त्यांच्या यादीत प्रत्येक नगापुढे त्यांनी स्वतः अंदाज लिहिला होता, इतक्यापासून इतक्यापर्यंत. मला कुणी अपेक्षा विचारली नाही. लखोट्याखाली तारखेचं महत्त्व दोन ओळींत छापलं होतं, आणि तो वरच्या आकड्याच्याही पुढे गेला. माझा अनुभव एका ट्रंकेपुरताच, तुमचा व्यापारी कदाचित सरळ भाव सांगणारा निघेल. पण लखोटे, शिक्के, छपाईतल्या चुका असं काही असेल तर मी लिलावाकडेच बोट दाखवीन. सुटी तिकिटं मात्र व्यापाऱ्याला द्या. माझा बिस्किटांचा डबा पणजीवाल्यानेच नेला.

परदेशातल्या लिलावाचा मोह झाला तर आधी वकिलाला विचारा. शंभर वर्षांवरच्या वस्तू बाहेर धाडताना 1972 चा पुरावस्तू कायदा आडवा येऊ शकतो.

आणि जे काही काढायचं ते मे संपायच्या आत काढा. चिकटलेली तिकिटं ओढून सोडवू नका, लखोट्यावरून तर मुळीच नाही. परत आलेलं नेटिव्ह मी सध्या तांदळाच्या नव्हे, सिलिका जेलच्या डब्यात ठेवलंय. तांदळात किडे होतात, हे आईने सांगितलं.