फुले योजना लहान लेकरांसाठी: ऑपरेशनला दमदार, कागदाला हट्टी

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, म्हणजे ठरलेल्या दवाखान्यात भरती होऊन मोफत उपचार घ्यायची राज्य सरकारची योजना, खान्देशाला नवी नाही. 2012 साली 'राजीव गांधी जीवनदायी' या नावाने ती पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत आली, त्यात धुळे होतं. तेव्हा दीड लाखाचं कवच होतं आणि तेही पिवळ्या-केशरी रेशनकार्डापुरतं. 1 जुलै 2024 पासून ते पाच लाखांचं झालं, पांढरं कार्डही आत आलं. हे पाच लाख अख्ख्या कुटुंबाला वर्षभरासाठी आहेत, माणशी नाहीत. तरी जन्मजात हृदयदोष, भाजणं, कर्करोग, कमी दिवसांचं बाळ काचेच्या पेटीत ठेवणं, अशा मोठ्या दुखण्यात पैशाची बाजू बहुतेकदा निभते. औषधं आणि रुग्णाचं जेवण पॅकेजमध्येच धरलेलं असतं. सुट्टी झाल्यावर घरी जायचं एसटीभाडंही असतं, पण कुणी मागतच नाही. मागून घ्या.

साध्या ताप-जुलाब-खोकल्याला ही योजना नाही. ओपीडी नाहीच. खासगी दवाखान्यात निदान होईपर्यंतचा खर्च बहुधा खिशातूनच जातो.

खरी अडचण निघते ती रेशनकार्डात, कारण बाळाचं नाव कार्डावर असावं लागतं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सासर शिरपूरला, बाळ जन्मलं चोपड्याला, म्हणजे जन्मनोंद चोपड्याची. त्यात बाईचं स्वतःचं नाव अजून माहेरच्याच कार्डावर! मग बाळाला सासरच्या कार्डावर चढवणार कसं? क्रम असा ठेवा: माहेरच्या तालुक्याच्या पुरवठा शाखेत (तहसीलमधलं रेशनकार्डाचं खातं) नमुना 9 भरून बाईचं नाव कमी करा, तसा दाखला घ्या, मग सासरच्या तालुक्यात नमुना 8 भरून माय-लेकराचं नाव एकदमच वाढवा. जन्मनोंद 21 दिवसांच्या आत करा. बारसं व्हायचं असलं तरी थांबू नका, नाव न घालताही नोंद होते आणि नाव नंतर भरता येतं.

तोवर बाळ आजारी पडलंच, तर आई किंवा वडिलांसोबतचा बाळाचा फोटो, जन्मदाखला आणि आईबापाचं रेशनकार्ड घेऊन आरोग्यमित्राकडे, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाकडे, जा. एवढ्यावर नवजात बाळाचं काम होतं. 'कार्डावर नाव नाही, जमणार नाही' असं तोंडी सांगून वाटेला लावलं, तर तिथूनच योजनेच्या 155388 या नंबरला फोन करा. तातडीच्या वेळी फोनवर कळवून उपचार सुरू करायची सोय आहे, कागद मागाहून जोडता येतात.

दुसरी फसगत बोर्डाची. बाहेर योजनेचा बोर्ड असला म्हणजे सगळे उपचार होतील असं नाही. मान्यता विभागवार असते. हाडांसाठी मान्यता असलेल्या दवाखान्यात नवजात बाळाचं काम होणार नाही. भरती करायच्या आधी आरोग्यमित्राला नेमका विभाग विचारा, नंतर विचारून उपयोग नाही.

या योजनेपेक्षाही कमी वापरला जाणारा रस्ता म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. फाटलेला ओठ, वाकडे पाय, हृदयाचा दोष, ऐकू न येणं, हे त्यांनी हेरून पुढे पाठवायचं असतं. वय 18 पर्यंत चालतं. पथक आलं त्या दिवशी लेकरू शेतात असेल तर तपासणी हुकते, म्हणून तारीख अंगणवाडी सेविकेकडून आधीच काढून ठेवावी.

धडगाव, अक्कलकुव्याकडून ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. फुले योजना गुजरातेत लागत नाही. आयुष्मान भारत या केंद्राच्या आरोग्य योजनेच्या मूळ यादीत कुटुंब असेल, तर ते कार्ड तिकडच्या मान्यताप्राप्त दवाखान्यात चालतं. पण हे कार्ड माणशी वेगळं निघतं. बापाचं आहे म्हणून लेकराचं चालत नाही. निघायच्या आधी लेकराचं नाव यादीत जोडून त्याचंही कार्ड काढून घ्या.