एनएफए की डीएफए?

ही दोन्ही मर्यादित अवस्थांची कल्पित यंत्रं: चिन्हांची ओळ (‘शब्द’) एकेक चिन्ह करत वाचायची आणि शेवटी स्वीकार किंवा नकार द्यायचा. डीएफएला प्रत्येक पावलाला एकच वाट; एनएफएला अनेक असू शकतात, आणि त्यांतली एक जरी स्वीकारापर्यंत पोचली तरी पुरते. समजा, ० आणि १ यांच्या ओळीत शेवटून दहावं चिन्ह १ आहे का, एवढंच ओळखायचंय. एनएफएला ११ अवस्था पुरतात: १ दिसला की ‘हाच तो’ असा अंदाज बांधायचा आणि पुढची नऊ चिन्हं मोजायची. डीएफएला अंदाज बांधण्याची मुभा नाही. त्याला शेवटची दहाही चिन्हं लक्षात ठेवावी लागतात, म्हणजे १०२४ अवस्था. त्याहून एकही कमी चालत नाही.

ताकद दोघांची सारखीच, म्हणजे एकाला जे ओळखता येतं ते दुसऱ्यालाही येतं, हे संगणकशास्त्रज्ञ राबिन आणि स्कॉट यांनी १९५९मध्ये दाखवलं. पण मला खरा फरक पुढे जाणवतो. डीएफएची पूरक भाषा, म्हणजे तो नाकारतो ते सगळे शब्द, हवी? स्वीकार आणि नकार अवस्थांची अदलाबदल करा, झालं. एनएफएवर हेच करून पाहा, फसाल: एकाच शब्दाला अनेक वाटा असतात, त्यामुळे उलटापालट करूनही तो शब्द स्वीकारला जाऊ शकतो. दोन डीएफए समतुल्य आहेत का, म्हणजे तेच शब्द स्वीकारतात का, हे झटपट तपासता येतं. एनएफएसाठी तोच प्रश्न पीस्पेस-पूर्ण, म्हणजे झटपट सोडवण्याची रीत माहीत नसलेल्या अवघड प्रश्नांपैकी.

नुसता मजकूर शोधायचा असेल तर मात्र अख्खा डीएफए बांधत बसू नये. एनएफएच्या चालू अवस्थांचा संच चिन्हागणिक पुढे सरकवत न्यावा. संगणकतज्ज्ञ केन थॉम्पसन यांनी १९६८मध्ये हीच वाट धरली.